नाक तुमचे, रजाही तुमची

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: "मी छत्तीस वर्षांची असून अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात वरिष्ठ पदावर आहे. जीएसटीची विवरणपत्रे माझ्याकडे असतात. माझ्या नाकाच्या हाडावर लहानपणापासून ठळक उंचवटा आहे आणि त्यावरून शाळेत पडलेली नावे मी अजून विसरलेले नाही. आता स्वतःच्या पैशांनी शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले आहे. यजमान सोबत आहेत, सासूबाईंना अर्धवट कल्पना आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन-अडीच आठवड्यांची रजा कोणत्या कारणाने मागावी, हा प्रश्न आहे. डेंग्यू झाल्याचे कळवावे, की चिपळूणला आई आजारी असल्याचे सांगून तिकडेच राहून यावे? एका ओळखीच्या बाईंनी नाकाचा पडदा वाकडा असल्याचे दाखवून कंपनीच्या विम्यातूनच खर्च काढायला सुचवले आहे. आमच्याच संकुलात राहणारी एक सहकारी रोज माझ्याबरोबर लोकलला असते, तिचीही धास्ती आहे. लोकांना हे सगळे थेर वाटतील. खोटे बोलावेच लागणार असेल, तर निदान नीट कसे बोलावे ते सांगा."

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. खोटे नीट कसे बोलावे हे मी सांगणार नाही. यात माझा सोवळेपणा काही नाही. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काढल्यावर रजेच्या अर्जातील खोटी कारणे कशी उघडी पडतात, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. तुमची अडचण अशी आहे की, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच गोष्ट समजून एकच कारण शोधत आहात. कचेरीत एक असतो कागद आणि दुसरी असतात तोंडे. अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, विम्याचा दावा आणि बिल यांवर एक अक्षरही खोटे असता कामा नये, कारण कागद फाइलमध्ये राहतो आणि पाच वर्षांनीही बाहेर निघतो. तोंडांचे तसे नाही. डबा खाताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही, आणि उत्तर न देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

डेंग्यूची कल्पना आधी तपासून पाहू. मुंबईत डेंग्यू न झालेला माणूस सापडेल, पण डेंग्यूबद्दल सल्ला न देणारा सापडणार नाही. तुम्ही कळवल्याच्या दिवशीच प्लेटलेट किती, हा प्रश्न येईल. दुसऱ्या दिवशी कोणी पपईच्या पानांच्या रसाची कृती पाठवील. आणि तिसऱ्या दिवशी विभागातील दोघी-तिघी किवी आणि शहाळी घेऊन दारात उभ्या राहतील. त्या वेळी तुमच्या नाकावर पट्टी असेल आणि डोळ्यांखाली निळे-जांभळे डाग असतील. शिवाय तितके दिवस आजारपणाची रजा घेतली की बहुतेक कंपन्या प्रमाणपत्र आणि रक्ताचा अहवाल मागतात. आईच्या आजाराचे कारण वरवर सोपे वाटते, परंतु ते सहा महिने पुरवावे लागते. जो तो भेटेल तेव्हा "आई कशा आहेत?" असे आपुलकीने विचारणार, आणि पुढच्या वर्षी त्या खरोखरच आजारी पडल्या तर रजा कोणत्या तोंडाने मागणार?

तेव्हा आजारपणाच्या रजेला हातच लावू नका. अर्जित रजा घ्या. ती तुम्ही काम करून कमावलेली असते आणि तिच्यासाठी ‘वैयक्तिक कारण’ एवढे दोन शब्द बहुतेक ठिकाणी पुरतात. दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला प्रत्येक वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षाला आठ किरकोळ रजा निराळ्या. मात्र हा कायदा व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदांना लागू होत नाही, आणि तुमचे पद वरिष्ठ आहे, म्हणून नियुक्तिपत्र आणि कंपनीची नियमपुस्तिका काढून आपल्या नावावर किती दिवस जमा आहेत ते आजच पाहून घ्या. साहेबांनी तोंडी कारण विचारलेच, तर "वैयक्तिक काम आहे, आधीपासून ठरलेले आहे, आणि माझ्या मागे काम कोण पाहील ते मी लिहून देते" असे सांगा. माझा अनुभव असा की, शंभरातल्या नव्वद साहेबांना कारणात रस नसतो, कामाचे काय होणार याची काळजी असते. ती काळजी तुम्ही आधीच मिटवली, तर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

आता तारखा. नाकाच्या शस्त्रक्रियेत सर्वसाधारणपणे नाकावरचा कडक आधार साधारण आठवड्याने काढतात. डोळ्यांभोवतीचे डाग दहा ते चौदा दिवसांत बहुतांशी फिकट होतात. सूज मात्र हळूहळू उतरत जाते आणि नाकाचा अंतिम आकार दिसायला वर्षभरही लागू शकते. म्हणजे घराबाहेर पडण्याजोगा चेहरा यायला तुम्हाला सुमारे सतरा दिवस लागतील. तुमच्याकडे जीएसटी आहे, आणि महिन्याच्या ११ तारखेचे व २० तारखेचे विवरणपत्र तुमच्याशिवाय जाणार नाही, असे गृहीत धरते. मग २१ तारखेला शस्त्रक्रिया आणि पुढच्या महिन्याच्या ७ किंवा ८ तारखेला हजर, हा हिशेब तुमच्या कामाशी जसा जुळतो तसा दुसरा कोणताही जुळणार नाही. मधल्या काळात टीडीएस भरण्याची ७ तारीख येते, ती कोण सांभाळणार हे नाव घालून ठरवा. मार्चअखेर आणि लेखापरीक्षणाचे दिवस सोडा. गणपती आणि दिवाळीही सोडा. सुट्ट्या जोडून मिळतात म्हणून बरेच जण हेच दिवस निवडतात आणि नेमके त्याच दिवसांत नातेवाईक दर्शनाला किंवा फराळाला घरी येतात. अर्ज करताना मात्र हिशेबापेक्षा तीन-चार दिवस जास्त मागा. सूज रेंगाळली किंवा किरकोळ ताप आला, म्हणजे घाईघाईने फोन करून रजा वाढवावी लागते, आणि न ठरवलेले खोटे माणसाच्या तोंडून त्याच फोनवर निघते.

काही कारणाने आजारपणाचीच रजा घ्यावी लागली, तर प्रमाणपत्राबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. ‘यांच्यावर अमुक दिवशी शस्त्रक्रिया झाली असून त्यांना तमुक दिवसांच्या विश्रांतीची आवश्यकता आहे’ एवढे लिहिलेले प्रमाणपत्र पूर्णपणे खरे असते आणि त्यात नाकाचा उल्लेख येत नाही. आपल्या कंपनीला तेवढे चालते का, हे नियमपुस्तिकेत पाहता येईल. डेंग्यू किंवा टायफॉइड लिहून द्या, असे मात्र डॉक्टरांना विनवू नका. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमावलीनुसार खोटे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन आहे आणि त्यापायी डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल ती वेगळी. आमच्या कचेरीत एका मुलाने बहिणीच्या लग्नासाठी काविळीचे प्रमाणपत्र आणले होते. लग्नाचे फोटो आठ दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि कावीळ झालेला मुलगा वरातीत नाचताना दिसला. नोकरी राहिली, बढती गेली. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा: मजकूर कितीही मोघम असला, तरी कागदाच्या माथ्यावर ‘प्लास्टिक व कॉस्मेटिक सर्जन’ असे ठळक छापलेले असेल, तर सगळे मुसळ केरात. शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयात होईल, त्या रुग्णालयाच्या कागदावर प्रमाणपत्र मागा.

विम्याचा सल्ला देणाऱ्या बाईंचे ऐकू नका. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला असतो. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार असतील तरच तो मिळतो. तुमचा पडदा खरोखर वाकडा असेल, श्वासाला त्रास होत असेल आणि डॉक्टर तोही त्याच वेळी दुरुस्त करणार असतील, तर तेवढ्या भागाचा दावा तुम्ही उजळ माथ्याने करू शकता, आणि मग "नाकाच्या पडद्याचे ऑपरेशन होते" हे वाक्यही तुम्हाला खरेपणाने वापरता येईल. पडदा सरळ असताना तो कागदावर वाकडा करणे ही मात्र फसवणूक आहे. त्यातही ज्या गुप्ततेसाठी तुम्ही एवढा आटापिटा करता, तीच यात जाते, कारण सामूहिक विम्याच्या दाव्याचे कागद बऱ्याच कंपन्यांत मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून फिरतात. खर्च स्वतः करत आहात तेच योग्य आहे. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांखेरीज निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, हे तुमच्यासारख्या लेखापालाला सांगायला नको. अंदाजपत्रकात तो धरला आहे का, एवढे विचारून घ्या. पैसे कमी पडले, तरी कंपनीकडे पगाराची उचल मागू नका, कारण त्या अर्जावर कारण लिहावे लागते.

बातमी फुटते ती बहुधा कचेरीतून नव्हे, घरातून आणि दवाखान्यातून. दवाखान्याचे आधी सांगते. संमतिपत्रावर सह्या घेताना छायाचित्रांच्या परवानगीचा एक परिच्छेद त्यात घातलेला असू शकतो. उपचारांच्या नोंदीसाठी आधीची आणि नंतरची छायाचित्रे काढावीच लागतात, त्याला हरकत घेऊ नका. परंतु ती जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरण्याची परवानगी ही वेगळी बाब आहे. तो परिच्छेद खोडून शेजारी सही करा आणि संमतिपत्राची प्रत मागून घ्या. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली, तरी तुमचे नाक तुमच्या लोकलमधल्या मैत्रिणी ओळखतीलच. शेवटी छायाचित्र नाकाचेच असणार. दवाखान्याशी सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या मोबाइलवरून करा. कंपनीचा ईमेल, कंपनीचा लॅपटॉप, त्यातले भेटींच्या वेळांचे कॅलेंडर आणि मजल्यावरचा प्रिंटर यांतले काही वापरू नका. आणि गुपित राहावे म्हणून गल्लीतले आडबाजूचे क्लिनिक निवडू नका. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी मिळवलेले, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेले शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांसह सर्व सोय असलेले रुग्णालय, याबाबतीत तडजोड नको. भूलतज्ज्ञांपासून तर काहीच लपवू नये, मग ती चालू औषधे असोत की कधीतरी ओढलेली सिगारेट.

चिपळूणचा बेतही रद्द करा. आठवड्याने आधार काढायला यावेच लागेल, आणि मध्येच नाकातून रक्त आले, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर घाटापलीकडे असून उपयोग नाही. पहिले काही दिवस तासाभरात रुग्णालय गाठता येईल अशा ठिकाणी राहा, आणि पहिली रात्र तरी यजमानांनी रजा घेऊन शेजारी असावे. घरी सासूबाईंना अर्धवट कल्पना आहे, असे तुम्ही लिहिता. हे अर्धवटच घात करते. पूर्ण माहिती असलेल्या सासूबाई "ती झोपली आहे, नंतर करायला सांगते" असे म्हणून फोन ठेवतील. अर्धवट माहिती असलेल्या सासूबाई स्वतःची काळजी कमी करण्यासाठी समोरच्यालाच चार प्रश्न विचारतील. त्यांना नीट बसवून सांगा. कदाचित त्या नाक मुरडतील, पण घराबाहेर बोलायचे नाही हे त्यांच्या पिढीला आपल्यापेक्षा चांगले जमते. मुलाला "आईच्या नाकाचे ऑपरेशन आहे, थोडे दिवस सूज असेल" असे खरे तेच सांगा. कोणाला सांगू नकोस, असे मात्र त्याला बजावू नका. नऊ वर्षांच्या मुलाच्या माथी आईचे गुपित मारू नये, आणि मारले तरी ते संध्याकाळी खाली खेळताना सर्वांना कळेल.

म्हणजे संकुलातल्या त्या सहकारी बाईंना कळणार हे उघड आहे. म्हणूनच कचेरीत कोणा एकीला सांगायचे असेल, तर त्यांनाच सांगा, आणि शस्त्रक्रियेच्या आधी सांगा. तुमचे मन याला तयार होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण नुसता सुगावा लागलेला माणूस तो सुगावा चार जणांशी ताडून पाहतो, तर विश्वासाने सांगितलेल्या माणसावर जबाबदारी येते. "हे तुमच्यापाशीच राहू द्या, विचारले तर ती रजेवर आहे एवढेच म्हणा," असे स्पष्ट शब्दांत सांगा. परत रुजू झाल्यावर त्यांचा दुसराही उपयोग आहे. ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा तुमचा रस्ता असेल, तर घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीत एक कोपर नाकावर बसायला कितीसा वेळ लागतो? पहिले तीन-चार आठवडे गर्दीची वेळ टाळा, शक्य असेल तर आठवडाभर घरून काम मागा, आणि ते जमले नाही तर महिलांच्या डब्यात चढताना त्यांना पुढे ठेवा. जागेवर बसल्या बसल्या नाकातून रक्त आले, तर काय झाले आहे हे जाणणारे एक माणूस मजल्यावर असणे तुमच्या प्रकृतीच्या दृष्टीनेही इष्ट आहे.

कायद्याचे थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ही संवेदनशील वैयक्तिक माहिती म्हणून धरलेली आहे. तेव्हा तुम्ही दिलेले प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाने कोणाला दाखवले, तर लेखी तक्रार जरूर करा. जेवणाच्या टेबलावरच्या कुजबुजीवर मात्र कोणतेही कलम चालत नाही.

त्या टेबलासाठी तुम्हाला एकच वाक्य लागेल: "एक छोटे ऑपरेशन होते, झाले, आता ठीक आहे." हे खरे आहे. बाईमाणसाने ऑपरेशन म्हटले की आपल्याकडचे पुरुष लगेच विषय बदलतात, आणि बायका मनात काहीतरी समजून घेऊन मान हलवतात. त्यांनी काय समजायचे हा त्यांचा प्रश्न. कोणी "कसले?" असे विचारलेच, तर "जाऊ दे गं, कंटाळा आला त्याचा" म्हणून डब्याचे झाकण उघडा. फक्त दोन पथ्ये पाळा. पहिले, सर्वांना तेच वाक्य सांगा. एकीला घरगुती काम, दुसरीला ऑपरेशन असे झाले की त्या दोघी एकत्र बसणारच. दुसरे, कोणी सरळ "नाक करून घेतलेस का?" असे विचारले, तर "नाही" म्हणू नका. तो एक शब्द मागे घेता येत नाही, आणि नाक तर रोज समोर असते. "माझ्या नाकाकडे एवढे लक्ष होते तुझे?" असे हसून म्हणा, किंवा वाटले तर सरळ "हो" म्हणा. सूज हळूहळू उतरत असल्याने रोज पाहणाऱ्यांच्या नजरेला बदलही हळूहळूच सरावतो, आणि सहा महिन्यांनी "हो" म्हणणे तुम्हाला आजच्याइतके जड वाटणारही नाही.

थेरांचा शब्द तुम्ही वापरला आहे, म्हणून एक आठवण करून देते. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तान्त छापून आला होता. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्याच्या दोघा इंग्रज शल्यचिकित्सकांनी ते समक्ष पाहिले. युरोपातील डॉक्टर ती रीत त्यानंतर शिकले. त्याची गरज आणि तुमची इच्छा एकच आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु चेहऱ्यावर जे घेऊन आपल्याला चारचौघांत वावरावे लागते, त्याची ज्याची त्याला होणारी बोच आपल्या मुलखाला परकी नाही. ‘नाक कापले’ आणि ‘नाक राखले’ हे शब्द आपण उगाच वापरत नाही.

शेवटी चष्मा. तुम्ही सोबत पाठवलेल्या छायाचित्रात तो आहे, पत्रात मात्र त्याचा उल्लेख नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर टाकू देत नाहीत. संगणकासमोर बसून आकडे पाहायचे, तर तुम्हाला कॉन्टॅक्ट लेन्स लागतील, आणि सुजलेल्या पापण्यांत लेन्स घालायला पहिल्यांदाच शिकणे फार कष्टाचे आहे. तेव्हा त्या महिनाभर आधीच घ्या, सवय करा, आणि अधूनमधून कचेरीतही लावून जा. परत आल्यावर चेहरा वेगळा का दिसतो, असा विचार करणाऱ्यांपैकी निम्म्यांना चष्मा नसल्याचेच कारण पटेल, आणि त्यांना ते तुम्ही सांगितलेलेही नसेल. कचेरीची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रावर होत असेल, तर पहिल्या दिवशी थोडे लवकर जा. यंत्राने ओळखले नाही, तर मागे रांग लागायच्या आत ओळखपत्राने आत जाता येईल.